बेनचं डिपॉझिट

पुरिंग मानांग बाजाराच्या दारातून आत येताना दिसल्या आणि दादो पाल्मारेस सुक्या मासळीच्या टोपल्यांमागे खाली बसला.

इथं एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. पैसे दादोचे होते आणि ते पुरिंग मानांगांकडे (मानांग म्हणजे आपली ताई) अडकले होते. म्हणजे लपायचंच असेल तर मानांगांनी लपावं आणि दादोनं छाती पुढे काढून "काय मानांग, हल्ली असता कुठे?" असं विचारावं, हा सरळ व्यवहार. पण इलोइलो शहरात व्यवहाराचं फारसं चालत नाही. इथली माणसं शिवीसुद्धा अशा लाडिक सुरात देतात की परगावच्या माणसाला वाटतं, आशीर्वाद मिळाला. अशा गावात जन्म काढलेल्या माणसानं भर बाजारात, हातात वांग्यांची पिशवी धरलेल्या सत्तरीच्या विधवेकडे पैसे मागायचे म्हणजे काय चेष्टा आहे?

"काय देऊ, सर?" मासळीवालीनं विचारलं.

"श्श!" दादो म्हणाला.

"ते नाही. बांगडा आहे."

दादोनं टोपल्यांच्या फटीतून मानांग कुठपर्यंत आल्या ते पाहिलं. मानांग कुठंच नव्हत्या. तो समाधानानं उठणार, एवढ्यात डाव्या बाजूला, दुसऱ्या टोपलीच्या आडोशाला, त्याला एक फुलाफुलांची छत्री दिसली. छत्रीच्या मागे वांग्यांची पिशवी होती आणि पिशवीच्या मागे उकिडव्या बसलेल्या पुरिंग मानांग होत्या. त्यांनी दादोला आधीच पाहिलं होतं आणि बाजारातली लपण्यासारखी एकुलती एक जागा गाठली होती.

दोघांची नजरानजर झाली.

"तोतो," मानांग म्हणाल्या. बावन्न वर्षांच्या, दोन मुलींची लग्नं केलेल्या, केस विरळ झालेल्या माणसाला त्या अजून तोतो म्हणत, म्हणजे आपलं बाळ्या. "काही पडलं का रे तुझं?"

"हो, मानांग. नाणं पडलं. तुमचं?"

"माझंही नाणंच."

मग दोघंही खाली वाकून नाणी शोधू लागले. मासळीवाली भली बाई होती. तीही शोधू लागली. बरंच शोधून झाल्यावर मानांग म्हणाल्या, "राहू दे रे. असं काय मोठं होतं?" दादो म्हणाला, "माझंही राहू दे." आणि एक पूर्वेच्या दारानं, एक पश्चिमेच्या दारानं, असे दोघे बाजाराबाहेर पडले. दादोला निघता निघता एक किलो बांगडा घ्यावा लागला. त्या बाईनं गुडघे टेकून शोधलं होतं हो.

घरी मिलानं विचारलं, "भेटल्या होत्या ना त्या? पैशाचं बोललास?"

"विषय निघता निघता राहिला."

"कोणी राहू दिला?"

"दोघांनी मिळून," दादो म्हणाला आणि बांगडा पुढे केला.

शहराच्या ला पाझ भागात मानांगांच्या भाड्याच्या घरात दादो आणि मिलानं नऊ वर्षं काढली होती. आता शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत त्यांचं स्वतःचं घर झालं होतं. लहान, पण स्वतःचं. भिंती झाल्या, छप्पर झालं, आणि खिडक्यांना गज बसवायच्या वेळी खिशात फक्त किल्ल्या उरल्या. मिलाचा हिशेब सोपा होता. मानांगांकडे दोन महिन्यांच्या भाड्याचं डिपॉझिट आहे, ते आणायचं, गज बसवायचे. घर सोडताना मानांग म्हणाल्याही होत्या, "पुढच्या आठवड्यात देते, तोतो." तेव्हापासून पुढचा आठवडा रोज एक आठवडा पुढे जात होता. फोन वाजत राही आणि थकून आपोआप बंद होई. निरोप पाठवला की 'पाहिला' अशी खूण उमटे, आणि मग काही नाही.

खरं सांगायचं तर त्यात सगळा दोष मानांगांचा नव्हता. दादोचे निरोपच तसे असत. 'आदरणीय मानांग, आपली प्रकृती कशी आहे? गुडघे काय म्हणतात? आपल्याला सवड असल्यास आणि मुळीच गैरसोय होत नसल्यास, त्या जुन्या विषयाची केवळ सहज आठवण. घाई नाही. मिलाचा नमस्कार. घाई अजिबात नाही.'

"हे वाचून मीसुद्धा पैसे दिले नसते," मिला म्हणाली.

"मग काय, दरडावू? रविवारी चर्चमध्ये मी उभा राहून धर्मग्रंथ वाचतो. लोक ऐकतात. माणसाला काही इभ्रत असते."

"तिला गज लावून घे," मिला म्हणाली.

ही इभ्रत दादोनं कष्टानं कमावली होती. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तो बिलांच्या विभागात होता. तिथं त्याला कोणी फार विचारत नसे. पण रविवारी माइकसमोर उभा राहून तो खर्जातल्या आवाजात, प्रत्येक वाक्याशेवटी किंचित थांबत वाचू लागला की पोरं रडायची थांबत. म्हाताऱ्या म्हणत, "काय आवाज! पाद्री व्हायचा राहिला." ही एवढीच त्याची मालमत्ता. घर नंतरचं.

शेवटी मिलाच्या धाकानं तो रीतसर मार्गाला लागला, म्हणजे वॉर्डाच्या कचेरीत गेला. असली भांडणं कोर्टाआधी वॉर्डाचा कॅप्टन मिटवतो. पंख्याखाली एक लिपिक बाई आंबा खात होत्या. त्यांनी फार गोड आवाजात सांगितलं की तक्रार करायची तर आधी तुम्ही या वॉर्डात राहता असा दाखला लागेल.

"द्या मग दाखला."

"तो सहा महिने राहिल्यावर मिळतो, सर. तुम्ही तर आत्ता आलात. तोपर्यंत जुन्या वॉर्डातून आणा."

जुन्या वॉर्डातला लिपिक त्याहून गोड होता. "सर, तुम्ही तर इथून गेलात! आम्हाला किती वाईट वाटलं! पण इथं न राहणाऱ्याला इथं राहतो असा दाखला कसा देऊ?"

"मग मी राहतो कुठं?"

लिपिकानं खरोखर विचार केला. "कागदावर म्हणाल, तर सध्या कुठंच नाही, सर."

शिवाय मानांग स्वतः राहत होत्या तिसऱ्याच वॉर्डात, हारोला, आणि तक्रार म्हणे तिथंच करावी लागते. तिथं दादो गेला तेव्हा कॅप्टन उठून उभा राहिला, त्यानं खुर्ची दिली, थंड पेय मागवलं आणि म्हणाला, "पुरिंग मानांगांविरुद्ध? अरे वा, अवश्य! त्या माझ्या धर्ममाता. माझ्या बाप्तिस्म्याला त्यांनीच मला हातात धरलं होतं. बोला, काय केलं त्यांनी?"

"काही नाही," दादो म्हणाला. "त्यांची प्रकृती कशी आहे, एवढंच विचारायला आलो होतो."

नव्या वसाहतीत समोरच्या घरात नोंग इस्को राहायचा. (नोंग किंवा मानोंग म्हणजे आपलं भाऊ.) जन्मभर बोटीवर सुकाणू धरलेला माणूस. आता धरायला काही उरलं नव्हतं म्हणून शेजाऱ्यांची आयुष्यं धरायचा. त्यानं ही हकिगत ऐकली आणि मांडीवर थाप मारली.

"रेडिओ! दादो, भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर माणूस काय करतो? रेडिओ! तोफ बाल्दोच्या कार्यक्रमात फोन लावू. तो तिथल्या तिथं समोरच्याला फोन लावतो, सगळ्या शहरासमोर झोडतो. गेल्या महिन्यात एकाची बायको परत आणली त्यानं."

"पण सगळं शहर ऐकतं, मानोंग."

"म्हणून तर! आणि तुला ओळखणार कोण? नाव खोटं द्यायचं. नाक चिमटीत धरायचं. झालं."

आता इथं शहाण्या माणसानं नमस्कार करून घरी जावं. पण आदल्याच संध्याकाळी मिला गज नसलेल्या खिडकीत उभी राहून, काहीही न बोलता, बराच वेळ बाहेर बघत राहिली होती. दादोनं कचेरीत पोट बिघडल्याचं कळवलं आणि सकाळी तो नोंग इस्कोच्या स्वयंपाकघरात फोन घेऊन बसला.

"बोला, बोला, मानोंग!" तोफ बाल्दो फोनमधून गरजला. "नाव काय आपलं?"

"बेन," दादो चिमटीतून म्हणाला.

"कुठले?"

खिडकीबाहेरून एक जीपनी, म्हणजे तिथली वडाप, चालली होती. तिच्या कपाळावर शेवटच्या थांब्याचं नाव होतं. "मोलोचा," दादोनं वाचलं.

पहिली दोन वाक्यं बरी गेली. पण घोटाळा काय झाला, समोर माइकसारखं काहीतरी, आणि आपलं कोणीतरी ऐकतंय ही जाणीव. दादोचं बोट नाकावरून कधी निघालं ते त्यालाच कळलं नाही. आवाज खर्जात उतरला. वाक्याशेवटी तो किंचित थांबू लागला. "आणि नऊ वर्षं आम्ही त्या घरी राहिलो. आणि एकाही महिन्याचं भाडं चुकलं नाही. आणि जेव्हा निघण्याची वेळ आली…" नोंग इस्कोनं भारावून टोपी काढली.

"अन्याय!" बाल्दो ओरडला. "लावा त्या बाईंना फोन!"

दादोचे फोन इतके आठवडे न घेणाऱ्या मानांगांनी हा अनोळखी नंबर दुसऱ्याच घंटेला उचलला.

"हॅलो? कोण रे बाळा?"

बाल्दोनं तोफ डागली. गरीब भाडेकरू, घामाचा पैसा, लाज, कायदा, देव, सगळं आलं. मानांगांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. तो दम घ्यायला थांबला तेव्हा त्या म्हणाल्या, "बेन? माझ्याकडे बेन नावाचा भाडेकरू कधी नव्हता, बाळा. आहे का तो तिथं? बोलू दे त्याला."

"मीच तो, मानांग," दादो म्हणाला.

 पलीकडे कुठंतरी कोंबडा आरवला.

"हं," मानांग म्हणाल्या. "बेन. असेल रे. वय झालं, नावं विसरते मी. पण पैसे माझ्याकडे आहेत ही गोष्ट खरी. खोटं नाही बोलत तो."

"मग देत का नाही?"

"ते वादळ झालं ना मोठं, त्या वर्षी छपरात गेले ते. म्हटलं, नवीन बिऱ्हाड येईल, त्यांचं डिपॉझिट घेऊ, यांचं देऊ. आलं बिऱ्हाड. दोघंच पोरंटोरं, आणि मुलगी पोटुशी. मी मागायला म्हणून तोंड उघडलं, आणि निघालं काय, तर 'उलट्या फार होतात का गं?' मग पैशाचं राहूनच गेलं."

"आणि यांचे फोन का नाही उचलत?"

"उचलून सांगू काय, बाळा?" मानांग म्हणाल्या. "माणूस इतका सभ्य. गुडघ्यांची चौकशी करतो. त्याला नाही म्हणायला जीभ उचलत नाही, आणि हो म्हणायला पैसे नाहीत."

तोफ बाल्दोचा आवाज प्रथमच फुटला. त्यानं साऱ्या शहराला ऐकू जाईल असं नाक शिंकरलं. मग जाहिरातीआधी त्याची तोफ सावकाश उलटी फिरली.

"मानोंग बेन," तो म्हणाला, "तुम्हाला आई आहे का हो?"

दादोनं फोन ठेवून दिला. रेडिओवर मात्र पुढं चालूच राहिलं. पाव्या गावाहून एक बाई रडत होत्या. हारोच्या एका रिक्षावाल्याला बेनचा पत्ता हवा होता, आणि तो कशासाठी ते त्यानं सांगितलं नाही.

"छान झालं," नोंग इस्को टोपी परत घालत म्हणाला. "म्हणजे, तुझ्या बाजूनं नव्हे. कार्यक्रम म्हणून."

दादो रस्ता ओलांडून घरी आला. मिला टेबलाशी बसली होती. रेडिओ बंद होता, पण त्याच्यावरचा हात तिनं काढला नव्हता.

"जेवायला वाढू का, बेन?" ती म्हणाली.

दादोनं स्वतःची समजूत घातली, बायको ती बायको. तिनं घोरणंसुद्धा ओळखलं असतं. बाकी कुणाला कळायचं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत तोच विषय. तेसी दिविनाग्रासिया पलीकडच्या टेबलावरून म्हणाली, "ऐकलंत ना, सर, काल? ओह, तुम्ही तर आजारी होता. पुरिंग म्हणून एक म्हातारी आहे बिचारी. आणि तो बेन. त्याचीही काही अडचण असेल म्हणा."

दादोला वाटलं, संशय टाळायचा तर हीच वेळ. तो उभा राहिला. "अडचण? कसली अडचण! विधवा बाईला भर रेडिओवर उभं करायचं? अशा माणसाला लाज वाटली पाहिजे! तोंड दाखवायची लाज!"

 सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि बिलांमध्ये डोकी खुपसली. तेसीला एकाएकी खोकल्याची उबळ आली. दादोला वाटलं, आपण जरा जास्त बोललो. पण परिणाम झाला होता हे नक्की.

दुपारपर्यंत पाकीट फिरू लागलं. कचेरीत मयत झालं, बारसं झालं, कुणाचं घर बुडालं की पाकीट फिरवणं हा तेसीचा जन्मसिद्ध अधिकार. "म्हातारीला मदत," ती म्हणाली. "रेडिओवर आकडा सांगितला होता, तेवढं जमवायचं. म्हणजे तिच्या डोक्यावरचं ओझं जाईल." पाकीट दादोच्या टेबलावर आलं. सगळ्या विभागाचे डोळे कुठंतरी दुसरीकडे होते. सकाळीच ज्याच्या तोंडातून एवढा अंगार बाहेर पडला तो माणूस वीस पेसो टाकून सुटू शकत नाही. दादोनं आठवड्याच्या बाजाराची नोट काढली.

"अहो सर, तुम्ही कशाला! तुम्ही नका…" तेसी म्हणाली आणि गप्प झाली. मग, "बरं, द्या."

पाकीट भरल्यावर इंजिनिअर पानागितोन आपल्या काचेच्या खोलीतून बाहेर आले. ते साहेब. बोलायचे कमी, आणि बोलताना चष्मा पुसायचे. "कोणीतरी जाऊन द्यायला हवं," ते म्हणाले. "दोन शब्द बोलायला हवेत. दादो, तू चल."

"माझं पोट, इंजिनिअर…"

"ते काल होतं. आणि तुझ्यासारखा आवाज आपल्यात कुणाकडे आहे?"

असा दादो पाल्मारेस, स्वतःचं डिपॉझिट स्वतःच्या हातात घेऊन, ते पुरिंग मानांगांना अर्पण करण्यासाठी हारोला निघाला. जीपनीत एका बाजूला तेसी, दुसऱ्या बाजूला इंजिनिअर. उडी मारायला वाव नव्हता.

मानांगांनी दार उघडलं. तिघांकडे पाहिलं. मग त्यांची नजर दादोवर थांबली, आणि दादोची त्यांच्या चपलांवर.

"अगं बाई, दादो! ये, ये. तुम्हीही या सगळे. हा माझा जुना भाडेकरू हो. नऊ वर्षं होता. एक दिवस भाडं चुकलं नाही. असा भाडेकरू मिळायला पुण्य लागतं." त्यांनी ताटलीत बिस्कोचो, म्हणजे खुसखुशीत टोस्ट, काढून ठेवले, पाणी आणलं, पदर नसताना पदर सारखा करावा तसा खांद्यावरून हात फिरवला. "बसा ना."

दादोला आता भाषण करायचं होतं. तो उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आवाज सापडेना. खर्ज तर नाहीच, वरचाही नाही. "मानांग," तो कसाबसा म्हणाला, "आमच्या कचेरीतल्या लोकांनी… रेडिओवर ऐकून… आम्हाला फार…" आणि पाकीट पुढे केलं. बस्स. पोरं रडायची थांबवणाऱ्या आवाजाचा एवढाच उजेड पडला.

मानांगांनी पाकीट दोन्ही हातांनी घेतलं. उघडलं नाही. डोळे मिटून, कपाळाला लावून, काहीतरी पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "देव तुमचं भलं करो. पण हे माझे नाहीत. हे त्या बेनचे." आणि पाकीट, जसं आलं तसं, त्यांनी दादोच्या हातात परत ठेवलं. "तोतो, तू भला माणूस आहेस. तू त्याला शोध आणि हे पोचव. मोलोत कोणीतरी ओळखत असेल. पोचवशील ना?"

"पोचवेल," इंजिनिअर चष्मा पुसत म्हणाले. "दादोच पोचवेल. आम्ही साक्षीदार."

तेसी बिस्कोचोकडे इतकं निरखून पाहत होती की जणू त्यावर काही लिहिलं होतं.

निघताना ती दोघं पुढं झाली आणि दादो दारात चपला शोधत मागे राहिला. मानांग त्याच्याजवळ आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "मिलाला माझी आठवण सांग. आणि राग नको धरूस रे. फोनवर तुझं नाव दिसलं की मी तो उशीखाली सरकवायची."

"मानांग, मी… रेडिओवर तो…"

"तो बेन होता," मानांग म्हणाल्या. "तुझ्या चपला ह्या बघ."

डोक्यात दगड घातला असता तर दादोला बरं वाटलं असतं. या बाईनं त्याला दुसऱ्याच शब्दाला ओळखलं होतं, आणि सगळ्या शहरासमोर स्वतःला विसराळू म्हातारी ठरवून त्याला झाकलं होतं.

घरी त्यानं पाकीट टेबलावर ठेवलं. मिलानं ते उचललं नाही. "तेसीनं किती टाकले असतील?" तिनं विचारलं. "तिचा मुलगा नर्सिंगला आहे ना?" गजांचं नाव त्या दिवशी कुणी काढलं नाही, आणि त्या आठवड्यातही नाही.

कचेरीत मात्र रोज चौकशी. "सापडला का हो बेन, सर?" पहिल्या दिवशी दादो म्हणाला, "अजून नाही." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मोलो मोठं आहे." मग त्याला रीतसर थापा माराव्या लागल्या. चर्चजवळ एक बेन होता, पण तो न्हावी निघाला. दुसरा एक होता, पण तो सौदीला गेलेला. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं जे होतं तेच झालं. न्हाव्याचं दुकान कुठं, केस कसे कापतो, हेही त्याला सांगावं लागलं, आणि शिपाई तर म्हणाला की रविवारी त्याच्याकडेच जाऊन येतो. पाकीट रोज दादोच्या पिशवीत कचेरीत येई आणि रोज परत घरी जाई. त्याला झोप येईना. चर्चमध्ये त्यानं निरोप पाठवला की घसा बसलाय, वाचायला दुसरं कुणी बघा.

शेवटी एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, सगळे डबे उघडत असताना तो उठून उभा राहिला. पाकीट काढून त्यानं टेबलावर ठेवलं. 

"मला काही सांगायचंय."

"बेन सापडला?" इंजिनिअरांनी विचारलं. आज तेही आपला डबा घेऊन बाहेर बसले होते.

"सापडला."

"कुठं होता?"

"इथंच… जवळच."

"कसा आहे?"

दादोनं पाकिटाकडे पाहिलं. "लाजलाय," तो म्हणाला. "फार लाजलाय, इंजिनिअर. कुणाला तोंड दाखवावंसं वाटत नाही त्याला. आणि तो म्हणतो, हे पैसे…"

"त्याला म्हणावं," इंजिनिअर चष्मा पुसत सावकाश म्हणाले, "की पुढच्या वेळी नाव बदललं तर आवाजही बदल. दर रविवारी सगळं शहर जो आवाज माइकवर ऐकतं, तो घेऊन रेडिओवर जाऊ नये माणसानं. नाक दाबलं तरी."

 दादोनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कोणी हसत नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून, पहिल्या वाक्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानं बेनला शिव्या दिल्या तेव्हाही. पाकिटात नोट टाकली तेव्हाही. न्हाव्याच्या वेळीसुद्धा. म्हातारीला मदत म्हणून फिरलेलं ते पाकीट म्हातारीसाठी नव्हतंच. तिलाही मान खाली घालावी लागू नये आणि त्यालाही, म्हणून या लोकांनी पोटाला चिमटा घेऊन हा सगळा वळसा घातला होता. दादोचे कान पेटले. तो बसला. बसायला खुर्ची आहे की नाही हेही त्यानं पाहिलं नाही, पण शिपायानं ती वेळेवर सरकवली.

"बेन म्हणतो," तो खाली बघत म्हणाला, "हे पैसे तो घेणार नाही. ज्याचे त्याला परत."

"अजिबात नाही!" तेसी कडाडली, म्हणजे इलोइलोतल्या माणसाला जेवढं कडाडता येतं तेवढं. "आता ज्याचे त्याला वाटत बसलात तर कुणी किती टाकले होते ते सगळ्यांना कळेल. मग आम्ही तोंड कुठं लपवू? मी काय फार टाकले होते? त्याला म्हणावं, मुकाट्यानं घे."

"पण तेसी…"

"मुकाट्यानं," शिपाईसुद्धा म्हणाला.

 मग इंजिनिअरांनी आपला डबा बंद केला. आत भात तसाच होता. "फारच टोचत असेल," ते म्हणाले, "तर बेननं एकदा आम्हाला बाचॉय खाऊ घालावा. मी आज डब्यात काय आहे ते पाहिलंय, आणि आजच चालेल."

सगळा विभाग उठला. बाजाराशेजारच्या खानावळीत दोन बाकं जोडून सगळे दाटीवाटीनं बसले. नूडल्सचे वाफाळते वाडगे आले. कोणी भिडस्तपणा केला नाही. ज्याला मज्जेचं हाड जास्त हवं होतं त्यानं ते मागितलं, ज्याला अंडं हवं होतं त्यानं अंडं, आणि शिपायानं दोन्ही. इंजिनिअरांनी दुसरा वाडगा मागवला आणि वाढणाऱ्या मुलीला सांगितलं, "बेनच्या खात्यावर." दादो बाकाच्या टोकाला बसला होता. त्यानं अजून चमचा उचलला नव्हता.

तेसीनं रश्शाचा घोट घेतला, तोंड पुसलं, आणि कुणाकडेच न बघता म्हणाली, "बिचारा बेन. आपण सगळे इथं खातोय. तो जेवला असेल का हो?"

"जेवतोय," दादो म्हणाला, आणि वाडग्याच्या वाफेत त्यानं तोंड खुपसलं.